टाकीवरचा आणि धुराड्यावरचा

जमिनीच्या तुकड्यावरून भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. भांड्याकुंड्यांवरून हमरीतुमरीवर येणारीही पाहिली आहेत. पण जी वस्तू आभाळात आहे, जिच्यावर कुणाच्याच बापाचा हक्क नाही, तिच्यावरून घरात अबोला धरणारी दोन माणसं मला माझ्याच घरात बघायला मिळाली. एक माझा मुलगा आणि दुसरी माझी सून.

मुलगा भट्टीवाला. आमच्या घरामागे एक अंगण आहे, आणि अंगण ओलांडलं की बेकरीचं मागचं दार. रात्री तो भट्टी पेटवायला जातो आणि उजाडल्यावर अंगभर पीठ घेऊन परत येतो. सून चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा घासून चौकटीत बसवते. ती सकाळी जाते आणि अंधार पडल्यावर बसमधून उतरून त्याच अंगणातून घरी येते. दोघांच्या मध्ये मी, दुखऱ्या गुडघ्याची आणि न थकणाऱ्या जिभेची म्हातारी.

पूर्वी त्यांचं बरं चाललं होतं. तो सकाळी आला की झोपायचा, दुपारी उठायचा, आणि ती आली की दोघं एकत्र जेवायची. मग तो भट्टीवर आणि ती अंथरुणात. संसाराला दिवसातले एवढेच दोन घास मिळायचे, पण ते गरम असायचे.

त्या अंगणातून उत्तरेकडे तोंड केलं की उजव्या हाताला उंच खांबांवरची पाण्याची टाकी दिसते, आणि डाव्या हाताला बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याचं धुराडं. मधे रेल्वेच्या यार्डाची भिंत. दृश्य म्हणून कुणी पैसे देणार नाही, पण अंधार पडला की तिकडे दिवे कमी, त्यामुळे तारे चांगले दिसतात.

हिवाळा नुकता लागला होता. सुट्टीचा दिवस होता, भट्टी बंद होती, म्हणून संध्याकाळी सून त्याला हाताला धरून अंगणात घेऊन गेली. मी वरच्या सज्जात बसून ऐकत होते. ऐकत होते म्हणजे कान काही मी काढून ठेवत नाही.

"तो बघ," ती म्हणाली. "टाकीच्या वर. पिवळा, मोठा. बसमधून उतरले की रोज हाच माझी वाट बघत असतो."

"छान आहे," तो म्हणाला. "पण माझा याच्याहून मोठा आहे."

"तुझा? कुठला?"

"पहाटे पाव काढून दारात येतो ना मी, तेव्हा धुराड्यावर असतो. असाच पिवळा. पण ठसठशीत."

तिने धुराड्याकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

"कुठाय?"

"आत्ता नसतो. पहाटे असतो."

"म्हणजे माझा समोर दिसतोय, तुझा दिसत नाहीये, तरी तुझाच मोठा."

"अगं, तू लोकांचे चष्मे करतेस. एकदा स्वतःचेही डोळे तपासून घे."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे पोरांच्या बाबतीत ऐकलं होतं. ताऱ्यांच्या बाबतीतही तेच चालू झालं म्हणून मला हसू आलं. तेवढ्यात सुनेचा आवाज बदलला.

"माझे डोळे ठीक आहेत. तुलाच भट्टीच्या तोंडापलीकडे काही दिसत नाही. बाबा गेले तेव्हा तरी कुठे दिसलं होतं?"

माझं हसू तोंडातच राहिलं.

गोष्ट आदल्या वर्षीची. पहाटे फोन आला होता की तिच्या वडिलांचं काही खरं नाही, लगेच या. ती तशीच अनवाणी अंगण ओलांडून बेकरीत धावली. तो म्हणाला, "एवढा घाणा निघू दे, मग निघू." भट्टीत पाव होते. ते निघाले, आणि मग ही दोघं निघाली. पोचेपर्यंत वडील गेले होते. लगेच निघून तरी भेट झाली असती का, देव जाणे. पण ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती, आणि आम्ही समजलो की विसरली. माणूस बोलत नाही म्हणजे विसरला, असं समजणारी घरं मूर्ख असतात. आमचं त्यातलंच.

त्यावर या शहाण्याने काय बोलावं? "लोकांच्या पोटाचा प्रश्न असतो तो," म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. नुसतं "चुकलं" म्हणाला असता तरी चाललं असतं. ती जिना चढून वर आली, माझ्यासमोरून आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून भट्टीवाल्याने झोपेच्या वेळा बदलल्या. सकाळी आला की इकडेतिकडे करायचा, नळ दुरुस्त कर, माझी औषधं आण, आणि संध्याकाळी ती यायच्या आत पांघरूण ओढून झोपायचा. विचारलं तर म्हणे, "आई, हल्ली सकाळी झोपच लागत नाही." मी त्याला जन्म दिलाय. त्याला कधी झोप लागते आणि कधी तो डोळे मिटून पडतो, हे मला पांघरुणावरून कळतं.

मग मी निरोप्या झाले. "त्याला सांगा, दूध संपलंय." "तिला सांग, मी आणलंय." एकमेकांना ऐकू जाईल एवढ्या अंतरावर उभी राहून ही दोघं माझ्याकडून निरोप पाठवायची. टपाल खात्यानेही मला एव्हाना बढती दिली असती.

त्याच सुमाराला सुनेच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या गावात नवं दुकान काढायचं ठरवलं. आगगाडीने रात्रभराचा प्रवास. ते दुकान सुनेने सांभाळावं, असं त्यांच्या मनात होतं. तिने मला सांगितलं ते चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता.

"आई, मी जाईन म्हणते. उन्हाळ्यानंतर उघडणार आहे दुकान. थंडी सरली की त्यांना उत्तर द्यायचंय."

"आणि तो?"

"त्याला भट्टी आहे."

ही मुलगी मला सून म्हणून नाही, माणूस म्हणून आवडते. माझ्यावर चिडते तेव्हा तोंडावर चिडते आणि मग माझेच पाय चेपत बसते. ती गेली असती तर या घरात मी, मुलगा आणि शिळा पाव, एवढेच उरलो असतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या गुडघ्याने एक रात्र मला झोपू दिलं नाही. अंथरुणात कण्हत पडण्यापेक्षा दोन घोंगड्या घेऊन सज्जात जाऊन बसले. आमच्या सज्जाला वर छप्पर नाही, त्यामुळे सगळं आभाळ माझंच. बसले तेव्हा सुनेचा तारा टाकीच्या वर होता. चांगला टपोरा. मी त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. बाबा रे, तुझ्यामुळे हे सगळं.

डुलकी लागायची, गुडघा ठणकायचा, मी जागी व्हायचे. एकदा जागी झाले तर टाकीवर कुणी नाही. शोधला, तर तो चांगला वर चढून बसलेला. पुढच्या वेळी बघितला तर थेट डोक्यावर, मान दुखेपर्यंत वर बघावं लागलं. मग मी हट्टालाच पेटले. म्हटलं, आता हा पठ्ठ्या जातो कुठे ते बघायचंच. घोंगड्या घट्ट गुंडाळल्या आणि डोळा मिटू दिला नाही. तो हळूहळू पलीकडच्या बाजूला उतरायला लागला. बेकरीतून पहिल्या पावाचा वास आला, मुलगा दार उघडून बाहेर आला, मान वर केली, आणि त्या वेळी तो कुठे होता? बरोबर धुराड्यावर.

एकच तारा! मधे भिंतीच्या वर ध्रुव जागचा हलत नाही, आणि हा त्याच्याभोवती लांब दाव्याच्या वासरासारखा फिरतोय. संध्याकाळी तिच्या बाजूला, पहाटे त्याच्या बाजूला. दोघंही खरी आणि दोघंही गाढव.

माझा आनंद काय सांगू. गुडघासुद्धा क्षणभर दुखायचा राहिला. सून उठल्याबरोबर तिला गाठलं आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर शाल नीट केली.

"आई, तुम्ही शेवटी त्याचीच आई."

"अगं, मी डोळ्यांनी बघितलं!"

"रात्रभर थंडीत बसलात? आणि ताप आला म्हणजे?"

मग मुलगा आला. त्यालाही सांगितलं. तो पिठाचे हात धूत म्हणाला, "आई, तू नेहमी तिचीच बाजू घेतेस. पण निदान गोष्ट तरी पटेल अशी रचायचीस. टाकी कुठे, धुराडं कुठे."

मी खरं सांगत होते आणि ते इतकं सोयीचं होतं की कुणालाच खरं वाटेना. जुळवाजुळव करायची खोड ज्या बाईला आयुष्यभर आहे, तिने खरं सांगितलं तरी लोकांना ती टाके घालतेय असंच वाटतं. पालथ्या घड्यावर पाणी! मी दोघांना एकेक अस्सल शिवी दिली आणि अंथरुणावर पडले. ताप आला तो वेगळाच. दोघांनी आळीपाळीने उशाशी बसून काढा पाजला, पण एकाच वेळी कधी बसली नाहीत.

हिवाळा सरला तो धुक्यात आणि ढगांत. सून अंगणातून यायची ती मान खाली घालून. वर बघणंच तिने सोडलं होतं. मालकीणबाईंना ती अजून हो म्हणाली नव्हती, पण कपाटावरची मोठी बॅग काढून तिने पुसून ठेवली होती. मी ती बॅग बघायचे आणि दुसरीकडे तोंड करायचे.

वसंतातली एक संध्याकाळ. अंगणातला दिवा गेला होता. सून बसमधून उतरून आली, अंधारात कशाला तरी अडखळली, भिंतीला धरून सावरली, आणि सावरताना तिची मान वर झाली. मी सज्जातून बघत होते. आधी तिने सवयीने टाकीकडे बघितलं. टाकीवर कुणी नव्हतं. मग ती डावीकडे वळली, आणि तशीच उभी राहिली. पिवळा, मोठा, ठसठशीत, धुराड्यावर. पहाटेचा नव्हे, संध्याकाळचा. तिच्या वेळेला, पण त्याच्या जागी.

मी ओठ घट्ट मिटून धरले. माझ्यासारख्या बाईला ते किती कठीण, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच ठाऊक.

ती जिना चढून वर आली. चपला काढल्या नाहीत, पिशवी खांद्यावरच. थेट झोपायच्या खोलीत गेली.

"ऊठ. तुझा तारा आलाय."

पांघरूण हललं. झोपलेलं माणूस इतक्या पटकन उठत नाही.

दोघं अंगणात उभी राहिली. मग तो म्हणाला, "हाच. हाच तो. पण आता पहाटे धुराडं मोकळंच असतं. कितीतरी दिवस झाले. मला वाटलं, माझाही गेला."

"मग सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू?"

तिने पुन्हा वर बघितलं आणि म्हणाली, "तू म्हणालास तसा मोठा आहे खरा."

"तुझ्याहून नाही," तो म्हणाला. "आई म्हणत होती ते खरं असलं तर तुझाच आहे."

आई म्हणत होती! अख्खा हिवाळा उलटल्यावर का होईना, माझी साक्ष कोर्टात घेतली गेली.

सुनेच्या दुकानात एक निवृत्त मास्तर चष्मा दुरुस्त करायला यायचे. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना विचारलं. ते म्हणाले, याचं नाव ब्रह्महृदय. आपलं गाव बरंच उत्तरेला आहे ना, म्हणून इथून बघितलं तर हा कधीच मावळत नाही. ध्रुवाभोवती फिरत राहतो, रात्रीतून फिरतो तसाच वर्षभरातूनही सरकत जातो. पहाटे आज जिथे दिसेल, तिथेच काही महिन्यांनी संध्याकाळी दिसेल. एवढं मोठं नाव ऐकून मी म्हटलं, आपण आपलं त्याला "तो" म्हणू या, घरातलाच आहे.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भट्टीवाला जागा होता. ताटं वाढून घेऊन बसला होता, एक त्याचं, एक तिचं. माझं नव्हतं, पण मी राग मानला नाही.

"मग टाकीवर पुन्हा कधी येणार?" त्याने विचारलं.

"उन्हाळा संपता संपता. पण पहाटेच्या अंधारात. तुझ्या वेळेला." ती ताटाकडे बघत बोलत होती. "मी तेव्हा झोपलेली असेन. दिसला तर सांग."

"सांगतो की. घरी आलो की लगेच—"

"घरी आल्यावर नाही. तेव्हाच."

तेव्हा भट्टीत पहिला घाणा असतो. हे तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि भिंतीआड बसलेल्या मलाही. भट्टीत घाणा असताना हा माणूस दारात पाच मिनिटं उभा राहील फार तर, दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. इतक्या वर्षांत त्याचा एक पाव करपलेला नाही. गल्लीत तो याच एका गोष्टीसाठी ओळखला जातो.

तो "बरं" म्हणाला. पण म्हणायच्या आधी त्याने खिडकीतून बेकरीकडे बघितलं, आणि तिने ते बघणं बघितलं.

मालकीणबाईंना तिने सांगितलं की उत्तर उन्हाळा संपताना देईन. त्या कुरकुरल्या, पण तिच्यासारखा हात त्यांना दुसरा मिळणार नव्हता. बॅग कपाटावर परत गेली नाही. पलंगाखाली सरकली, एवढंच.

उन्हाळ्यात तो तारा इतका खाली आला की रेल्वेच्या भिंतीवरून जेमतेम डोकवायचा. धुरळ्यात कधी दिसायचा, कधी नाही. मी रात्री पाणी प्यायला उठले की सज्जात जाऊन बघून यायचे. दोन-तीन रात्री दिसला नाही की जीव खालीवर व्हायचा. मग मास्तरांचे शब्द आठवून स्वतःची समजूत घालायचे, मावळत नाही तो, खाली गेलाय एवढंच. घरातही तसंच होतं. दोघं एकत्र जेवायची, हसायचीसुद्धा, पण मधूनच तिचं लक्ष उडायचं. तो विनोद करायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचा, शाळेतलं पोर निकालाकडे बघतं तसा.

उन्हाळा उताराला लागला. मी मोजत नव्हते, पण झोप मात्र माझी आणखी सावध झाली होती.

आणि एका पहाटे, अजून चांगला काळोख असताना, बेकरीचं मागचं दार वाजलं. मग अंगणातून धावण्याचा आवाज. मग जिना. दोन-दोन पायऱ्या एकदम. माझ्या खोलीवरून पिठाचा आणि भट्टीच्या धगीचा वास गेला.

"ऊठ. टाकीवर आलाय."

सून उठून बसल्याचा आवाज आला. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा:

"घाणा?"

"आत आहे."

"अरे, करपेल!"

"करपू दे."

मग जिन्यावरून दोन जोडी पावलं खाली गेली. मी गुडघ्याला चार शब्द सुनावले आणि भिंत धरत धरत सज्जात आले.

दोघं अंगणाच्या मध्यावर उभी होती. ती अनवाणी होती, त्या पहाटे होती तशीच. तो कमरेला पिठाचं फडकं बांधून, हात जड झाल्यासारखे लोंबते सोडून उभा होता. टाकीवर तो तारा होता, आभाळभर हिंडून आलेला, तोच. अंगणात करपलेल्या पावाचा वास यायला लागला होता. आधी थोडा, मग चांगलाच. बेकरीच्या दारातून धूर बाहेर आला.

"जा," ती म्हणाली. "जा ना. बघ तरी."

तो गेला नाही. तो रडत होता. माझा मुलगा, दाढीला पीठ लागलेला एवढा मोठा घोडा, ताऱ्याकडे तोंड करून रडत होता.

"त्या दिवशीच यायला हवं होतं मी," तो म्हणाला. "तसाच आलो असतो तर—"

तिने त्याच्या पिठाच्या हातात आपला हात दिला. दोघं तशीच उभी राहिली. मीही उभी राहिले, गुडघ्याची पर्वा न करता.

सकाळी घरात करपलेला पाव होता. आमच्याच नाही, गल्लीतल्या सगळ्या घरांत. लोक बेकरीच्या दारात येऊन कुरकुरत होते, आणि भट्टीवाला प्रत्येकाला एकच सांगत होता, "आज भट्टीकडे लक्ष नव्हतं." त्याचा आवाज ऐकून लोकांनी तोच पाव पिशवीत घातला.

सून माझ्यासमोर बसून सुरीने पावाची काळी कड खरवडत होती.

"आज मालकीणबाईंना सांगून टाकते," ती म्हणाली. "दुसरी कुणी बघा म्हणावं."

"का गं? एवढं चांगलं काम."

"तिथल्या दुकानाला उत्तरेची खिडकीच नाही."

आणि हसली. कितीतरी महिन्यांत अशी हसली नव्हती. मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली. म्हटलं, माझा पाव खरवडू नकोस. जो घाणा तिचे वडील गेले त्या पहाटे करपायला हवा होता, तो आज करपला होता. मी माझा पाव काळ्या कडेसकट खाल्ला.